बूट होणारी सीडी बनवायची तर आयएसओ नीट कशी बर्न करायची

भावांनो, पेनड्राईव्हच्या जमान्यात सीडीचं काय काम असं कोणी पण म्हणेल, पण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे गावागावात अजून असे पीसी चालू आहेत ज्यांना पेनड्राईव्हवरून बूट म्हणजे चालू होताच येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात, जिनिंगच्या ऑफिसात, कृषी केंद्रात बिलं काढायला, शाळेच्या कॉम्प्युटर रूममधे, कुठे पेंटियम फोर तर कुठे जुना कोअर टू ड्युओ, आणि बायोसमधे (पीसी चालू होताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) यूएसबी बूटचा पर्याय एकतर नसतोच नाहीतर असून चालत नाही. विंडोज उडालं, हार्डडिस्क कुरकुरायला लागली, आत दहा वर्षांची बिलं अडकलीत, तर अशा मशीनला हात घालायचा मार्ग म्हणजे समोरचा सीडी ड्राईव्ह, दुसरा नाही. आणि मंग लोक कुठून तरी सीडी बनवून आणतात आणि ती बूटच होत नाही. "भाऊ, सीडी चालीच नही राहिनी" असं म्हणत जो कोणी येतो त्याच्याकडे बहुतेक वेळा कारण एकच निघतं, पीसी बरोबर असतो, सीडी पण चांगली असते, फक्त बर्न करायची, म्हणजे सीडीवर लिहायची, पद्धत चुकलेली असते.

अशी सीडी हातात आली की आधी ती कुठल्याही चालू पीसीत टाकून माय कॉम्प्युटरमधून उघडून बघा. आत एकच फाईल दिसली, नावाच्या शेवटी डॉट आयएसओ, साईज सहाशे-साडेसहाशे एमबी, तर पुढे काही तपासायची गरजच नाही, ती सीडी जन्मात बूट होणार नाही. बरोबर बर्न झालेल्या सीडीत ती आयएसओ फाईल कुठेच दिसत नाही, तिच्या जागी आतले फोल्डर दिसतात. उबंटू किंवा मिंट (हे लिनक्सचे प्रकार) असेल तर कॅस्पर, आयसोलिनक्स, बूट असले फोल्डर, विंडोज 7 असेल तर सोर्सेस आणि बूट, आणि बाहेर बूटएमजीआर नि सेटअप, एक्सपी असेल तर आय386 नावाचा फोल्डर. एवढी एक गोष्ट बघायला अर्धा मिनिट लागतो आणि निम्मा वैताग तिथंच संपतो.

असं का होतं ते नीट समजून घ्या म्हणजे पुढे कोणतं पण सॉफ्टवेअर समोर आलं तरी चुकणार नाही. आयएसओ दिसायला एक फाईल असली तरी ती अख्ख्या सीडीची जशीच्या तशी नक्कल असते, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत (सेक्टर म्हणजे सीडीवरचा डेटाचा एक छोटा कप्पा). रबरी शिक्का असतो ना ग्रामपंचायतीचा, तो दाखल्यावर उमटवायचा असतो, आता कोणी शिक्काच उचलून कागदाला चिकटवून दिला तर तो दाखला कुठे चालेल? आयएसओ सीडीवर नुसती कॉपी करणं म्हणजे तेच. तिच्या आतला मजकूर सीडीवर सेक्टर टू सेक्टर उमटला पाहिजे.

थोडं अजून आत जाऊ. सीडीवरचा डेटा 2048 बाईटच्या सेक्टरमधे असतो. शून्यापासून मोजायला लागलं तर पहिले 16 सेक्टर राखीव असतात, 16 नंबरच्या सेक्टरवर डिस्कची ओळख लिहिलेली असते आणि 17 नंबरच्या सेक्टरवर बूट रेकॉर्ड. ही पद्धत एल टोरिटो नावाच्या स्टँडर्डमधे ठरलेली आहे, फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी 1995 ला आणलेलं. पीसी चालू झाला की बायोस सरळ त्या 17 नंबरच्या सेक्टरवर जातो, तिथं बूट कॅटलॉग कुठल्या सेक्टरवर आहे ते लिहिलेलं असतं, कॅटलॉगमधे बूट करणारा प्रोग्राम कुठे ठेवलाय ते असतं, मग तो प्रोग्राम मेमरीत घेऊन त्याच्याकडे काम सोपवतो. या सगळ्यात जुन्या बायोसनं एका पण फाईलचं नाव वाचलेलं नसतं, त्याला फक्त सेक्टरचे नंबर कळतात. म्हणून तुमची आयएसओ सीडीवर फाईल म्हणून पडून असली तर 17 नंबरला काहीच कामाचं नसतं, बायोस बघतो, काही सापडत नाही, आणि पुढे हार्डडिस्ककडे निघून जातो.

यातच दुसरी चूक पण लक्षात घ्या, ती पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे. बऱ्याच पीसीत विनरार टाकलेलं असतं आणि त्याच्यामुळे आयएसओवर पुस्तकांच्या गठ्ठ्याचं चित्र येतं, माणसाला वाटतं ही झिपसारखीच फाईल आहे, तो ती एक्स्ट्रॅक्ट करतो आणि आतले सगळे फोल्डर सिलेक्ट करून डेटा सीडी म्हणून बर्न करतो. आता सीडी उघडली तर फोल्डर अगदी बरोबर दिसतात, एक फाईल कमी नसते, तरी बूट होत नाही, कारण तो बूट रेकॉर्ड कुठल्याच फाईलमधे नसतो, फाईली बाहेर काढताना तो मागेच राहतो. म्हणून आयएसओ उघडायचीच नाही. आता एक अपवादासारखं वाटेल, मेमटेस्ट86 प्लससारखी काही टूलं साईटवरून झिपमधे येतात, ती झिप उघडावीच लागते, आतून आयएसओ निघाली की मात्र थांबायचं, आयएसओच्या आत शिरायचं नाही.

आता मुळापासून सुरू करू. फाईल शक्यतो त्या त्या सिस्टिमच्या अधिकृत साईटवरूनच घ्या, मित्राच्या पेनड्राईव्हमधून आलेली कुठल्या व्हर्जनची आहे आणि कुठे अर्धवट तुटलीय हे कोणालाच माहीत नसतं. आपल्याकडे बहुतेक जण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाऊनलोड करतात, रेंज जाते येते, ब्राऊझर म्हणतो झालं पूर्ण आणि फाईल अर्धीच असते. अशी फाईल बर्न पण व्यवस्थित होते, बूट पण होते कधी कधी, आणि मग इन्स्टॉल होताना साठ-सत्तर टक्क्यांवर जाऊन अडकते, तोपर्यंत तुम्ही जुनं पार्टिशन फॉरमॅट करून बसलेले असता. म्हणून बर्न करायच्या आधी चेकसम, म्हणजे फाईलवरून हिशोब करून काढलेली तिची ओळखखूण, जुळवायचा. साईटवर आयएसओच्या शेजारीच एसएचए256 लिहिलेलं असतं, 64 अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. विंडोजमधे त्याच्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही, कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत सर्टयुटिल टाईप करा, स्पेस द्या, मग डॅश आणि त्याला चिकटून हॅशफाईल, परत स्पेस, मग आयएसओ फाईल माऊसनं ओढून त्या काळ्या खिडकीत सोडा म्हणजे तिचा पूर्ण पत्ता आपोआप येतो, परत स्पेस आणि शेवटी एसएचए256, आणि एंटर. जुन्या मशीनवर एक-दोन मिनिट लागतील, थांबा. आलेली ओळ साईटवरच्या ओळीशी जुळवा. फाईलमधे एक बाईट जरी इकडचा तिकडे झाला तरी पूर्ण ओळच वेगळी येते, त्यामुळे सुरवातीची आणि शेवटची सात-आठ अक्षरं जुळली तरी डाऊनलोड तुटलेलं नाही एवढी खात्री होते. काही जुन्या साईटवर एमडी5 दिलेला असतो, तो 32 अक्षरांचा, तिथं शेवटी एसएचए256 ऐवजी एमडी5 टाईप करायचं, बाकी सेम.

आयएसओ पेनड्राईव्हमधून दुसऱ्या पीसीवर न्यायची असेल आणि ती 4 जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राईव्ह ती घेणारच नाही, जागा रिकामी असून पण. तो एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्या पीसीवर परत एकदा चेकसम बघा, स्वस्तातले पेनड्राईव्ह फार दगा देतात.

साईज. सीडीवर 700 एमबी लिहिलेलं असतं आणि आयएसओ विंडोजमधे 702 एमबी दिसते, मग मावते की नाही यावरून वाद होतात. 80 मिनिटांच्या सीडीत सेकंदाला 75 या हिशोबानं 3,60,000 सेक्टर असतात, एकेक 2048 बाईटचा, म्हणजे 73,72,80,000 बाईट, विंडोजच्या भाषेत 703 एमबी. तेव्हा फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथं बाईटमधे जो आकडा असतो तो याच्या आत असला की मावते. डीव्हीडीचं उलटं आहे, तिच्यावर 4.7 जीबी लिहिलेलं असतं पण विंडोज तेवढ्याच जागेला 4.37 जीबी म्हणतं, त्यामुळे विंडोजमधे साडेचार जीबी दिसणारी आयएसओ साध्या डीव्हीडीवर जात नाही, तिथं पैसे घालवू नका.

मग सीडीत मावतं काय? उबंटू 12.04 पर्यंत सीडीत मावायचं, 12.10 पासून ते सीडीच्या बाहेर गेलं. एक्सपी सीडीत येतं, विंडोज 7 ला डीव्हीडी लागते, आणि आताच्या विंडोज 10, 11 च्या पूर्ण आयएसओ साध्या डीव्हीडीत पण मावत नाहीत, त्यांच्यासाठी पेनड्राईव्हच बघा, तसं पण ज्या मशीनवर 11 चालतं ती पेनड्राईव्हवरून मजेत बूट होते. जुन्या मशीनसाठी माझं मत विचाराल तर दोन-तीन सीडी करून ठेवा, एक मेमटेस्ट86 प्लस म्हणजे रॅम तपासता येते, एक क्लोनझिला (हार्डडिस्कची नक्कल काढायला) किंवा जीपार्टेड लाईव्ह (पार्टिशन बदलायला), आणि एक टायनी कोअर किंवा अँटीएक्स या हलक्या लिनक्सची छोटी एडिशन म्हणजे विंडोज मेलं तरी हार्डडिस्कवरचा डेटा बाहेर काढता येतो. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला आणि 7 चा 14 जानेवारी 2020 ला संपला, त्यामुळे जिथं नेट जोडायचंय तिथं एक्सपी परत टाकून देऊ नका, हलकं लिनक्स टाका, दुकानदाराला चार दिवस कुरकुर वाटेल मग सवय होते.

सगळ्यात आधी समोरच्या मशीनचा ड्राईव्ह बघा. ट्रेच्या पट्टीवर छोटा लोगो असतो. नुसतं कॉम्पॅक्ट डिस्क लिहिलेलं असेल तर तो ड्राईव्ह डीव्हीडी वाचणारच नाही, तुम्ही घरी कितीही चांगली डीव्हीडी बर्न करा. 2003-04 च्या मशीनमधे असे बरेच सापडतात. कोरी डिस्क घेताना सीडी-आर घ्या, एकदाच लिहायची, सीडी-आरडब्ल्यू परत परत वापरता येते हे खरंय पण ती प्रकाश फार कमी परत फेकते आणि जुने ड्राईव्ह तिच्यावर अडखळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधे किंवा धुळ्यात आग्रा रोडला विचाराल तर कोऱ्या सीडी अजून मिळतात, पण आता सगळा जुना माल असतो, तेव्हा खालची बाजू उजेडात धरून बघून घ्या, ढगाळ डाग, कडेला सुटलेला थर, असं काही दिसलं तर नको म्हणा. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेल्या स्पिंडलमधल्या तर घेऊच नका, सीडी-आरमधे लिहायचा जो रंगाचा थर असतो तो ऊन आणि उकाडा दोन्हीनं खराब होतो, आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको.

आता बर्न करू. विंडोज 7, 8, 10, 11 मधे सोय आतच आहे. कोरी सीडी ड्राईव्हमधे टाका, ऑटोप्लेची खिडकी आली तर ती बंद करा, तिच्यात ते "फाईल्स टाका" वगैरे विचारतं तोच चुकीचा रस्ता आहे. आयएसओ फाईलवर राईट क्लिक करा, बर्न डिस्क इमेज असा पर्याय दिसेल, विंडोज 11 मधे तो शो मोअर ऑप्शन्सच्या आत लपलेला असतो. पर्याय दिसतच नसेल तर विनरारनं किंवा दुसऱ्या कोणी आयएसओवर ताबा घेतलेला आहे, मग राईट क्लिक, ओपन विथ, आणि तिथून विंडोज डिस्क इमेज बर्नर निवडा. छोटी खिडकी येते, ड्राईव्ह निवडायचा, खाली व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग असा चौकोन आहे त्याला टिक करायची, हे विसरू नका, आणि बर्न. बस. फक्त याच्यात स्पीड निवडता येत नाही, ही त्याची कमी आहे. आणि डबल क्लिक करू नका, विंडोज 8 पासून पुढे डबल क्लिक केलं की आयएसओ एक खोटा ड्राईव्ह म्हणून उघडते आणि माणूस गोंधळून तिथले फोल्डर कॉपी करायला लागतो, म्हणजे परत तीच वर सांगितलेली फसवी चूक.

एक्सपीवरून बर्न करायचं असेल तर आतली सोय आयएसओसाठी चालत नाही, बाहेरचं सॉफ्टवेअर लागतं. मला तर सगळ्या विंडोजवर इमबर्नच आवडतं, 2013 नंतर त्याचं नवं व्हर्जन आलेलं नाही पण कामात कुठे कमी नाही. इन्स्टॉल करताना प्रत्येक पानावर थांबून वाचा, नको असलेल्या फालतू टूलबारच्या टिका काढत जा. उघडलं की सहा मोठी बटणं दिसतात, त्यातलं राईट इमेज फाईल टू डिस्क हे आपलं. राईट फाईल्स-फोल्डर्स टू डिस्क याला हात लावायचा नाही. वर सोर्समधे आयएसओ निवडा, खाली व्हेरिफायला टिक आहे ना बघा, राईट स्पीड निवडा आणि मोठं बटण दाबा. फाईल बिन आणि क्यू अशा जोडीनं आली असेल तर सोर्समधे क्यू फाईल द्यायची, बिन नाही, दोन्ही एकाच फोल्डरमधे हव्यात.

निरो असेल तर न्यू कंपायलेशन, डेटा सीडी वगैरेच्या भानगडीत न पडता रेकॉर्डर मेनूत बर्न इमेज शोधा. लिनक्सवर ब्रासेरोत बर्न इमेज, केथ्रीबीत पण तसाच पर्याय, एक्सएफबर्नमधे पण तेच. सॉफ्टवेअर कुठलं पण असो, मेनूत इमेज हा शब्द शोधायचा, डेटा किंवा फाईल्स दिसलं की मागं फिरायचं. विचारलं तर डिस्क ॲट वन्स (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडा, ट्रॅक ॲट वन्सनं लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन जास्तीचे सेक्टर राहतात आणि लिनक्समधे अगदी शेवटाला येऊन वाचायचा एरर येतो, डेटा ठीक असून पण. आणि मल्टिसेशन किंवा डिस्क उघडी ठेवण्याचा पर्याय नको, डिस्क बंद म्हणजे फायनलाईज झालेली हवी.

स्पीडबद्दल सगळे सांगतात सगळ्यात कमी ठेवा. मला ते पूर्ण पटत नाही. जुन्या 4एक्स-8एक्सच्या जमान्यात ते बरोबर होतं, पण नंतरच्या 52एक्स लिहिलेल्या सीडी फार हळू लिहायला बनलेल्याच नाहीत, बऱ्याच ड्राईव्हला त्यांच्यावर 4एक्स करताच येत नाही आणि केलं तरी चांगलं उमटतं असं नाही. सीडीला 16एक्स, डीव्हीडीला 8एक्स, हे मधलं ठेवा. 1एक्स म्हणजे सेकंदाला 150 केबी, 80 मिनिटांची भरलेली सीडी 16एक्सनं पाच मिनिटात होते, वरचं थोडं धरून सहा-सात. तेवढं थांबायला काय हरकत आहे? 52एक्सनं करून दोन-तीन मिनिट वाचवायचे आणि मग वीस किलोमीटरवरच्या गावात जाऊन सीडी अडली की परत यायचं, त्यापेक्षा हे बरं. ड्राईव्ह बाहेरून यूएसबीला जोडायचा असेल तर पीसीच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला करंट कमी पडतो आणि बर्न मधेच तुटते.

लाईटचं बघून बसा. बफर अंडररन प्रोटेक्शन असं ड्राईव्हवर लिहिलेलं असतं, ते पीसी हळू पडला तर वाचवतं, लाईट गेली तर नाही. मधे तुटलेली सीडी-आर परत वापरता येत नाही, सरळ फेकायची. लोडशेडिंगची वेळ आधीच माहीत असते आपल्याला, तेवढी टाळा, लॅपटॉपची बॅटरी फुल असू द्या किंवा डेस्कटॉप यूपीएसवर घ्या. आणि मे महिन्यात, पारा 44-45 ला गेलेला असताना पत्र्याच्या खोलीत भर दुपारी बर्न करत बसू नका, ड्राईव्हच्या आतलं तापमान खोलीपेक्षा जास्तच असतं, लेझर पण तापतो. सकाळी सातला करा नाहीतर रात्री. कापसाच्या सिझनमधे जिनिंगच्या आसपासच्या पीसीत तर ड्राईव्हच्या ट्रेवर पण कापसाचा धुरळा बसलेला असतो, तो आधी फुंकणीनं उडवा, लेन्सवर एक तंतू बसला तरी एररवर एरर येतात.

बर्न चालू असताना त्या पीसीवर दुसरं काही करू नका. झाल्यावर ट्रे बाहेर येऊन परत आत जाईल, घाबरू नका, तो व्हेरिफायला गेलाय. व्हेरिफाय म्हणजे सीडीवरचा एकेक सेक्टर वाचून आयएसओशी ताडून बघणं. इथं एक समजून घ्या, चेकसमनं एवढंच कळतं की तुमची आयएसओ मूळ फाईलसारखी आहे, व्हेरिफायनं एवढंच कळतं की सीडी तुमच्या आयएसओसारखी आहे. आयएसओच तुटकी असेल तर व्हेरिफाय मजेत पास होतं, तुटकी फाईल सीडीवर अगदी बरोबर उमटलेली असते. म्हणून दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. व्हेरिफाय फेल झालं तर तीच सीडी घेऊन नशीब बघू नका, दुसरी डिस्क, एक स्टेप कमी स्पीड.

सीडी बाहेर काढून खालची बाजू ट्यूबलाईटखाली थोडी तिरपी धरा. मधल्या भोकाकडून सुरू होणारा एक पट्टा बाकीच्या भागापेक्षा जरासा गडद दिसेल, ती लिहिलेली जागा, सीडी आतून बाहेर लिहिली जाते. साडेसहाशे एमबीची आयएसओ असेल तर पट्टा जवळजवळ कडेपर्यंत जातो, मेमटेस्टसारखी छोटी असेल तर भोकाजवळ नुसतं बारीक कडं दिसतं. मोठी आयएसओ बर्न केली आणि पट्टा निम्म्यातच थांबलाय तर बर्न अर्धवट आहे. पट्ट्याच्या आत कुठे वेगळ्या रंगाची धार दिसली तर तिथं ड्राईव्ह अडखळला होता असं समजा, व्हेरिफाय पास असेल तर चालते, पण ती सीडी ठेवणीतली म्हणून धरू नका.

आता बूट. सीडी टाकून पीसी रिस्टार्ट करा, विंडोज 8 च्या पुढचं असेल तर शटडाऊन नको रिस्टार्टच, कारण फास्ट स्टार्टअपमुळे शटडाऊन पूर्ण होत नाही. चालू होताच बूट मेनूची की टपटप दाबत रहा, डेल आणि लेनोवोला एफ12, एचपीला एफ9 किंवा आधी एस्केप, गिगाबाईटच्या मदरबोर्डला एफ12, एमएसआयला एफ11, असूसच्या डेस्कटॉपला एफ8. एसरला एफ12 असते पण बऱ्याचदा ती बायोसमधे जाऊन आधी चालू करावी लागते. मेनूत सीडी-डीव्हीडी निवडा. फारच जुना पीसी असेल तर मेनू नसतो, डिलीट दाबून बायोसमधे जायचं आणि फर्स्ट बूट डिव्हाईस सीडीरॉम करायचं, एफ10, सेव्ह. हे सेटिंग दर वेळी उडत असेल आणि तारीख पण मागची येत असेल तर बोर्डावरचा सेल संपलाय, सीआर 2032, कुठे पण मिळतो, तो आधी बदला. नवीन लॅपटॉपवर बायोसच्या जागी युइएफआय असतं, तिथं जुन्या टूलची सीडी दिसतच नाही किंवा अडवली जाते, सिक्युअर बूट बंद आणि सीएसएम किंवा लेगसी चालू करून बघा, काम झालं की परत होतं तसं करून ठेवा.

विंडोजच्या डिस्कवर प्रेस एनी की टू बूट असं येतं आणि चार-पाच सेकंदात जातं, तेवढ्यात की दाबली नाही तर तो हार्डडिस्कवर जातो आणि लोक म्हणतात सीडी चालत नाही. आणि याच्या उलटं, इन्स्टॉल चालू असताना मधे जेव्हा तो स्वतः रिस्टार्ट होतो तेव्हा हीच ओळ परत येते, त्या वेळी कशालाच हात लावायचा नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तरी पण अडलं तर स्क्रीनवर काय लिहून येतंय ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा, त्यात उत्तर असतं. सीडीकडे दुर्लक्ष करून सरळ जुनं विंडोज चालू झालं, तर एकतर बूट ऑर्डर चुकलीय नाहीतर सीडी फाईल म्हणून बर्न झालीय. सीडी आणि हार्डडिस्क दोन्हीकडून काही न मिळाल्याची ओळ आली, नो बूटेबल डिव्हाईस वगैरे, तर तीच सीडी दुसऱ्या पीसीत लावून बघा, तिथं बूट झाली तर पहिल्याचा ड्राईव्ह किंवा त्याची केबल. मेनू आला, लिनक्स चालू व्हायला लागलं आणि मग स्क्वॉशएफएस एरर किंवा बफर आय-ओ एररच्या ओळींवर ओळी, म्हणजे सीडी वाचताना अडखळतेय, डिस्क खराब किंवा लेन्स घाण, उबंटूच्या जुन्या सीडीत तर मेनूतच चेक डिस्क फॉर डिफेक्ट्स आहे ते चालवा. विंडोज सेटअप 80070017 देत असेल तर ते पण वाचण्याचंच दुखणं आहे, कमी स्पीडनं दुसरी डिस्क करा. आणि या कर्नलला एक्स86-64 सीपीयू पाहिजे पण आय686 सापडला अशा अर्थाची ओळ आली तर सीडीला दोष देऊ नका, ती झकास आहे, तुम्ही 32 बिटच्या मशीनला 64 बिटची आयएसओ दिलीय, 32 बिटची परत डाऊनलोड करा. खेड्यातल्या पेंटियम फोरवर हे फार होतं, कारण साईटवर मोठं बटण नेहमी 64 बिटचंच असतं.

चालली की सीडीवर नाव लिहून टाका, व्हर्जन, 32 की 64 बिट, आणि बर्न केल्याची तारीख. सीडीसाठीचा पाण्याच्या शाईचा मार्कर घ्या, बॉलपेन अजिबात नको, सीडीची चमकणारी थर लेबलच्या बाजूला अगदी वरवर असते, खालून ओरखडा पडला तर चालून जातं पण वरून टोक रुतलं तर तेवढा डेटा गेलाच. कागदी स्टिकर पण लावू नका, उन्हाळ्यात डिंक सुटतो, सीडीचा तोल जातो आणि ड्राईव्ह घरघरायला लागतो. धूळ पुसायची तर मऊ सुती कापडानं मधून बाहेरच्या दिशेनं सरळ, गोल गोल नाही, गोल ओरखडा एकाच जागचा लांबलचक डेटा खातो आणि मग सीडीच्या एरर करेक्शनला पण तो भरून काढता येत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर, बाईकच्या डिक्कीत, पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, कव्हरमधे घालून लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवा, आणि आयएसओ फाईल तिच्या चेकसमच्या ओळीसकट हार्डडिस्कवर जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी सीडी मागायला आलं की परत हॉटस्पॉट लावायला नको.